लेकीच्या डोंगरावरचा बटाटा आणि मामाच्या पुड्या

पत्र:
नमस्कार. माझी लेक तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन उत्तराखंडात गेली, नैनिताल जिल्ह्यात, मुक्तेश्वरच्या बाजूला. जावयांची डोंगरउतारावर बारा नाली (अर्ध्या एकरापेक्षा थोडी जास्त) शेती आहे, मार्चमध्ये बटाटा लावतात. गेली दोन वर्षं जुलैच्या पावसात आठ दिवसांत सगळं पीक काळं पडलं. माझ्या भावाची काटोलला संत्र्याची बाग आहे. त्याने कार्बेन्डाझिमच्या पुड्या पाठवल्या, लेकीने चार वेळा फवारल्या, काही फरक पडला नाही. मागच्या साली बियाणं कमी पडलं म्हणून जावयांनी हल्द्वानीच्या मंडीतून बटाटा आणून लावला होता. विहीणबाई म्हणतात, हे जहर शेतात नकोच, पाला कापून टाका. लेक म्हणते, औषध बदलून पाहू. घरात यावरून कुरबूर होते. कोणतं वाण लावावं, कोणतं औषध मारावं? आणि तिकडचं बियाणं चांगलं निघालं तर काटोलला लावून पाहू असं भाऊ म्हणतो, ते जमेल का?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र जानेवारीत आलं हे फार बरं झालं. हेच पत्र जुलैत आलं असतं तर मला तुम्हाला एवढंच सांगता आलं असतं की उरलेलं वाचवा. आता बियाणं घ्यायचं बाकी आहे, आणि डोंगरावरच्या बटाट्याचा अर्धा निकाल बियाणं घेतानाच लागतो. औषधाचा नंबर त्यानंतर. तुमच्या घरात वाद औषधावर चालला आहे, वाणाबद्दल कोणी बोलतच नाही, हे पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं.

पण सुरुवात भावाच्या पुड्यांपासून करते, कारण दोन वर्षांचा पैसा आणि मेहनत तिथे वाया गेली. लेकीच्या वावरात जो रोग येतो तो उशिरा येणारा करपा. तिकडचे दुकानदार त्याला पछेती झुलसा म्हणतात, लेकीला तोच शब्द वापरायला सांगा. हा रोग करणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. आपण सवयीने त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात तो खऱ्या बुरशांच्या कुळातला नाही, पाण्यातल्या शेवाळांना जवळचा आहे. कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशांवरचं औषध. फायटोफ्थोरावर ते चालत नाही. चारदा मारा, चाळीसदा मारा, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. लेकीने फवारणीत काही चूक केली असेल असं कोणाच्या मनात असेल तर ते काढून टाका.

तुमच्या भावाला एक प्रश्न विचारा: बागेत डिंक्या आला, बुंध्यातून डिंक वाहायला लागला, तर दादा तू काय करतोस? ते लगेच सांगतील, खोड खरवडून बोर्डो मलम लावतो आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब बुंध्याशी ओततो. ती जी डिंक्याची फायटोफ्थोरा आहे, बटाट्यावरची तिची चुलत बहीण आहे. म्हणजे योग्य औषधाची जात काटोलकरांना माहीत होती, पुडी तेवढी दुसऱ्या रोगाची निघाली. आपल्या भागात कापूस असो, संत्रा असो, तूर असो, दुकानात गेलं की पहिली पुडी कार्बेन्डाझिमची हातात पडते. सवयीचा दोष आहे, भावाच्या मायेचा नाही.

आता वाण. लेकीने दुकानात "कुफरी आहे का" असं विचारू नये. आपल्याकडचे सरकारी संशोधनातून आलेले बहुतेक सगळेच बटाटे कुफरी असतात. कुफरी हे शिमल्याजवळचं उंचावरचं गाव. तिथल्या उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत बटाट्याला भरपूर फुलं येतात, म्हणून संकर तिथे करतात आणि वाणाला गावाचं नाव देतात. हे काम केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं; ती १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली, १९५६ मध्ये शिमल्याला गेली. पुखराज कुफरी, चंद्रमुखी कुफरी, आणि पठारी भागासाठी १९७२ मध्ये दिलेली 'लवकर' पण कुफरीच. नावाप्रमाणे लवकर येणारी. पुखराज आणि चंद्रमुखी मैदानातल्या हिवाळ्याला छान आहेत. मुक्तेश्वरच्या पावसाळ्यात त्या लावणं म्हणजे रोगाला जेवायला बोलावणं. चंद्रमुखी तर उशिराच्या करप्यापुढे लगेच मान टाकते. हल्द्वानीच्या मंडीतून आलेला बटाटा बहुधा असाच मैदानातला खाण्याचा माल असणार, जसा आपल्या कळमन्याच्या बाजारात आग्र्याचा येतो. त्यात वाण कोणतं, रोग कोणता, काही कळत नाही. बियाणं म्हणून तो पुन्हा कधीच वापरू नये, कितीही कमी पडलं तरी. कमी पडलं तर दोन नाली रिकाम्या राहू द्या, राजमा पेरा.

डोंगरासाठी मुद्दाम काढलेली नावं वेगळी आहेत. तिकडे जुन्या लोकांच्या तोंडी कुफरी ज्योती असते. ती १९६८ ची. त्या काळी ती करप्याला चांगली तोंड देत होती, म्हणूनच डोंगरात घरोघरी गेली. पण रोगही बसून राहत नाही, तो रूप बदलतो. पन्नासहून जास्त वर्षांत ज्योतीचं ते बळ बरंच ओसरलं आहे. विहीणबाई म्हणत असतील की ज्योतीला आमच्या वेळी काही होत नव्हतं, तर त्या खरंच बोलत आहेत. फक्त तो काळ गेला. आज मी लेकीला कुफरी गिरधारी सांगेन, २००८ ची, आणि तिच्या जोडीला कुफरी हिमालिनी, २००६ ची. दोन्ही डोंगरी भागासाठीच आहेत. गिरधारीची करप्याला तोंड देण्याची ताकद मोठी आहे, हिमालिनीची चांगली. कुफरी शैलजा (२००५) मिळाली तर तीही चालेल, पण गिरधारी मिळत असताना मी तिच्याकडे वळणार नाही.

बारा नालींपैकी आठ नालींत गिरधारी, चार नालींत हिमालिनी, अशी वाटणी करावी असं मला वाटतं. सगळं रान एकाच वाणाने भरू नये. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर जो दुष्काळ पडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तो याच रोगाचा, आणि तिथले गरीब शेतकरी मुख्यत्वे एकाच वाणावर जगत होते. विहीणबाईंना ज्योतीच्या चवीची ओढ असेल तर घरच्यापुरत्या चार ओळी ज्योतीच्या ठेवा, पण सगळ्यात शेवटच्या पट्टीत, आणि तिच्यावर रोज नजर ठेवा. रोग आधी तिच्यावर दिसेल, तेवढीच आगाऊ सूचना मिळेल. एक ठिपका दिसला की त्या चार ओळींचा पाला लगेच कापून काढायचा, हे मात्र आधीच ठरवून घ्या. नाहीतर ती सूचना न राहता घरचाच भेदी होईल.

बियाणं किती लागेल तेही काढून देते. नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, पन्नास नालींचा एक हेक्टर. बारा नाली म्हणजे २४०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अर्ध्या एकरापेक्षा थोडं जास्त. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर धरलं तर वीस हजार रोपं. बटाटा ३० ते ४० ग्रॅमचा, म्हणजे कोंबडीच्या छोट्या अंड्याएवढा, अख्खा लावायचा. सहा ते आठ क्विंटल लागेल. कापून लावला तर बियाणं वाचतं, पण ओल्या जमिनीत कापलेली फोड सडते आणि विळ्याबरोबर रोग एका बटाट्यातून दुसऱ्यात जातो. बियाण्यासाठी उद्यान विभागाच्या जवळच्या सचल दल केंद्रात आत्ताच नाव नोंदवायला सांगा. ज्योलीकोटला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही विचारावं. फेब्रुवारी उजाडला की चांगलं बियाणं संपलेलं असतं. शीतगृहातून आलेला बटाटा त्याच दिवशी जमिनीत घालू नये. दहा-पंधरा दिवस सावलीत, थोडा उजेड येईल अशा जागी एका थरात पसरून ठेवावा. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले की लावणीला तयार. लांब पांढरे दोऱ्यासारखे कोंब येत असतील तर जागा फार अंधारी आहे.

आता औषध. इथे मी लेकीच्या बाजूची आहे आणि विहीणबाईंच्याही. गिरधारी लावली म्हणून फवारणी शून्य होत नाही. पण ज्या वावरात दर आठवड्याला पंप पाठीवर घ्यावा लागत होता, तिथे काम पुष्कळ कमी फवाऱ्यांत भागू शकतं. विहीणबाईंना जहर कमी व्हायला हवं असेल तर त्याचा रस्ता वाणातून जातो, हे त्यांना लेकीने असंच सांगावं.

फवारणीचं पहिलं सूत्र वेळेचं आहे. हवा १० ते २० अंशांच्या दरम्यान, दिवसभर ढग, रात्री पानं ओली आणि दमटपणा नव्वद टक्क्यांवर, असे दोन-तीन दिवस सलग गेले की रोग येणारच असं धरून चालायचं. मुक्तेश्वरला जूनच्या शेवटापासून रोजच असं असतं. म्हणून पहिला फवारा पानावर एकही डाग नसताना, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर मारायचा. तो मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटीचा, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम. मॅन्कोझेब पानाच्या वर बसतं, आत जात नाही. पानावर पडलेलं रोगाचं बीज रुजू देत नाही इतकंच त्याचं काम. रोग पानाच्या आत शिरला की ते काही करू शकत नाही. रेनकोट पाऊस येण्याआधी घालतात, तसं आहे हे. आणि रेनकोट पानाच्या खालच्या बाजूलाही हवा. नोझल वर करून, झाडाच्या बुडातून वर असा फवारा गेला पाहिजे. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून चिकटद्रव्य घालायचं, लिटरला एक मिली. एवढ्या रानाला पीक भरात असताना आठ ते दहा पंप पाणी लागेल. चारच पंपांत उरकलं असेल तर खालची पानं कोरडी राहिली असं समजा.

दुसरं सूत्र पहिला डाग दिसल्यावरचं. हा डाग ओळखायला शिकणं सगळ्या औषधांपेक्षा मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सकाळी दव असताना वावरात जायचं. पानाच्या टोकाशी किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग असेल. पान उलटं करायचं. डागाच्या कडेला, जिथे काळं संपून हिरवं सुरू होतं तिथे, पिठी साखर भुरभुरल्यासारखी पांढरी झालर दिसेल. ऊन चढलं की ती दिसेनाशी होते, म्हणून सकाळीच पाहायचं. शंका वाटली तर ते पान ओल्या कापसाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बांधायची आणि रात्रभर घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायची. सकाळी झालर आली तर तो उशिराचाच करपा. डाग कोरडा, तपकिरी, आत एकात एक वर्तुळं, आणि जुन्या खालच्या पानांवर असेल तर तो लवकर येणारा करपा. त्याची एवढी घाई नाही, मॅन्कोझेबने भागतं.

पांढरी झालर दिसली तर मात्र त्याच दिवशी पंप भरायचा. सायमॉक्झॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के असं मिश्रण मिळतं, लिटरला तीन ग्रॅम, पंपाला साधारण ४८ ग्रॅम. हे पानाच्या आत शिरतं. आठ-दहा दिवसांनी पुढचा फवारा वेगळ्या औषधाचा: डायमेथोमॉर्फ लिटरला एक ग्रॅम आणि त्यात मॅन्कोझेब दोन ग्रॅम. पाऊस लागूनच असेल तर अंतर कमी करा, उघडीप मिळाली तर वाढवा. भाऊ आता मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब पाठवायला निघतील, म्हणून आधीच सांगते: ते वाईट नाही, पण जगभर आणि आपल्या पहाडांतही या रोगाने मेटॅलॅक्झिलला दाद न देणाऱ्या जाती तयार केल्या आहेत, कारण लोकांनी तेच ते वर्षानुवर्षं मारलं. हंगामात एकदा वापरलं तर वापरा, तेही डाग दिसण्याआधी. एकच औषध लागोपाठ दोनदा नको, हे बाकी सगळ्यांनाही लागू. भुकटी थेट पंपात ओतू नये, आधी मगभर पाण्यात पातळ खळ करून मग ओतावी. त्यात युरिया, कीटकनाशक, टॉनिक काहीही मिसळू नये.

'त्याच दिवशी' यावर मी एवढा जोर का देते, त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी छिंदवाड्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या वावरात मी संध्याकाळी गेले होते. ढगाळ, धुक्याचा आठवडा होता. त्यांनी दोन झाडांवरचे तीन-चार डाग दाखवले आणि विचारलं, "मॅडम, आज रात्री मारू का?" उजेड गेला होता, मी म्हटलं, दोन दिवस पाहू, कदाचित ऊन पडेल. ऊन पडलं नाही. सहाव्या दिवशी गेले तर वावराच्या धुऱ्यावरूनच तो वास आला, सडलेल्या पाल्याचा, गोडसर आणि कुबट. अडीच एकर उभं रान उकडल्यासारखं आडवं झालं होतं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट चहा दिला. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

विहीणबाई पाला कापायला सांगतात, ते अगदी बरोबर आहे, फक्त त्याची वेळ शेवटची आहे. तीन चतुर्थांश पाला गेला की औषधाचा खर्च थांबवायचा, पाला जमिनीलगत कापून वावराबाहेर नेऊन पुरायचा आणि बटाटे पंधरा दिवस जमिनीतच राहू द्यायचे. साल घट्ट होते, आणि मातीवर पडलेलं रोगाचं बीज ताज्या बटाट्याला लागत नाही. मग कोरडा दिवस पाहून खणायचं. खणताना जमिनीत एकही बटाटा विसरू नये आणि सडके बटाटे धुऱ्यावर ढीग करून टाकू नयेत. पुढच्या साली पहिला डाग त्याच ढिगातून उगवलेल्या रोपावर येतो. विहीणबाई मातीची भर घालायलाही हट्ट धरत असतील, तर त्यांचं ऐका. लावणीनंतर महिन्याभराने सरीवर उंच माती चढवली की पानावरून धुऊन येणारं रोगाचं बीज खालच्या बटाट्यापर्यंत पोचत नाही.

जहराची त्यांची भीती मी हलकी समजत नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ते आपण विदर्भातल्या माणसांनी विसरायचं नाही. ती औषधं वेगळी होती, कीटकनाशकं होती, पण अंगावर ओलं झिरपू देणं कोणत्याही औषधात चूकच. हातमोजे, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्या, पायात गमबूट. सकाळी वारा पडलेला असताना फवारायचं; दरीतून वारा वर चढायला लागला की थांबायचं. पोट रिकामं नको. गरोदर असेल, अंगावर पाजत असेल तर लेकीने पंपाला हात लावू नये, जावईबापूंनी फवारावं. आणि पंप नौल्यावर कधीच धुवायचा नाही. कुमाऊंतला नौला म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याचा दगडी झरा. पंपातलं धुण्याचं पाणी वावरातच, झऱ्यापासून लांब फवारून संपवायचं. पाकिटावर काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते छापलेलं असतं, तेवढे दिवस पाळायचे.

राहिला काटोलला बियाणं आणायचा प्रश्न. नको, ताई. एक तर गिरधारी डोंगराच्या हवेची आहे. आपल्याकडे बटाटा दिवाळीच्या आसपास लावायचा, रात्री वीस अंशांच्या खाली गेल्या तर तो पोसतो. काटोलला कुफरी सूर्या लावून पाहा, ती त्यातल्या त्यात उष्णता सोसते. दुसरं कारण मोठं आहे. पहाडातल्या काही जमिनींत बटाट्याचा पुटी सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारा बारीक किडा, आहे. निलगिरीत तो १९६१ मध्ये सापडला, पुढे हिमालयातही आढळला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने उत्तराखंड-हिमाचलसारख्या राज्यांतून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. त्याची मोहरीपेक्षाही बारीक पुटी, म्हणजे अंड्यांनी भरलेली पिशवी, बटाट्याला चिकटलेल्या मातीतून येते आणि जमिनीत वीस-वीस वर्षं जिवंत राहते. लेकीच्या वावरात तो आहे असं मी म्हणत नाही, पण काटोलच्या काळ्या मातीत तो पाहुणा म्हणूनही यायला नको. लेक माहेरी येताना खायला बटाटा आणेल तो स्वच्छ धुऊन आणू दे, आणि सालं बागेत न टाकता कचऱ्यात जाऊ द्या.

जूनच्या अखेरीस पहिला फवारा झाला की लेकीला रोज सकाळी पाच झाडं पाहायला सांगा, दर वेळी वेगळ्या पट्टीतली. डाग दिसला तर पान उलटं करून, झालर दिसेल असा फोटो तिने मला थेट पाठवावा, नागपूरहून फिरून येण्यात एक दिवस जातो.